४.४ म्हंजे नेमकं किती?

बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटणं चालू होतं. कृषी केंद्रवाल्याला बिलं बनवायचं ॲप घ्यायचं होतं.

"४.४ रेटिंग हाये. अजून काय पायजे?"

"त्याच्यानं काई समजत नाई," मोबाइल दुरुस्तीवाल्यानं पुठ्ठ्यावर हिशेबच मांडला. "शंभरातल्या ४० जनायनं पाच तारे देल्ले, ६० जनायनं चार. सरासरी ४.४. दुसऱ्या ॲपले ८५ जनायचे पाच, १५ जनायचा एक. तेही ४.४च! पयल्यात बारीक कुरकुर, दुसऱ्यात सातातल्या एकाचं काम अडलं. आकड्याच्या बाजूच्या पट्ट्या पाय."

मास्तरांना हे सगळंच फिजूल वाटत होतं. "वाचून कायले डोये फोडता? २०२० च्या मे महिन्यात लोकायनं रागानं टिकटॉकचं रेटिंग दोनाच्या खाली आनलं. गूगलनं लाखो रिव्ह्यू उडवले, तारे परत चारच्या वर. ॲप तेच!"

"म्हून तर तारीख पाहाची, मास्तर. रिव्ह्यूच्या यादीवरचं 'मोस्ट रेलेव्हंट' काढून 'न्यूएस्ट' करा, म्हंजे नवे आधी दिसतीन. एकाच दिवशी 'नाइस ॲप', 'व्हेरी गुड'चा पाऊस पडला असन तं सोडून द्या."

"अन् पाच तारे देनारे सारे इकतचे?"

"नाई ना. बिल बरोबर निंगालं की लगेच रेटिंगची चौकट येते. तवा मानूस खुशीत असते. डेटा उडाला त्या दिवशी कोन चौकट दाखवते? एक तारेवाल्यायतही ओटीपी आला नाई म्हून चिडलेले असतात. त्यात ॲपचा दोष असनच असं नाई. दोन-तीन तारेवाले वाच."

कृषी केंद्रवाल्याचं बोट एका तीन तारेवाल्यावर थांबलं: बिल झटपट होते, पण औषधाचा बॅच नंबर टाकायला जागाच नाही.

"हे तं आपल्या कामाचं!"

"हा खरा कायवरून?" मास्तर काही सोडेनात.

"पैसे घेऊन लिवनारा बॅच नंबरात कायले शिरन? तरी पारखून घ्या. एरोप्लेन मोडवर पाच बिलं फाडा. त्यातलं एक उधारीचं, एक माल वापसीचं. मंग नेट चालू करून बॅकअप घ्या अन् दुसऱ्या फोनवर त्याच खात्यानं उघडा. पाचही बिलं अन् उधारीची बाकी जुयली, तरच पैसे भरा."

"दुसरा फोन कोनाचा?"

मास्तरांनी आपला फोन हळूच खिशात टाकला.