ऑडिटर गेले, काढा आता पेनड्राइव्ह

ज्या पोरानं सांगितलं, त्यालाच मेमो मिळाला. खरं तर एवढं एकच वाक्य लिहून थांबायला हवं, पण डोकं इतकं तापलंय की सविस्तरच लिहितो.

आमचा प्लांट चाकणला. गाड्यांचे पार्ट बनवतो. सेकंड शिफ्टला एका लाइनवर आयटीआय झालेला ट्रेनी होता, कंत्राटी. लाइनच्या पीसीवर माउसचा बाण आपोआप फिरायला लागला आणि मशीनच्या सेटिंगचं पान उघडलं. पोरानं लाइन नीट थांबवली, नेटवर्कची वायर उपसली आणि मेंटेनन्सला फोन लावला. भलेभले सीनिअर तिथं मोबाइलवर व्हिडिओ काढत उभे राहिले असते. मागाहून कळलं की मशीनवाल्या व्हेंडरचा इंजिनिअर घरी बसून रिमोटनं आत शिरला होता. कुणाला विचारलं नाही, कुणाला कळवलं नाही. मशीन बसवताना 'तात्पुरतं' म्हणून दिलेलं कनेक्शन बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता मेमो कुणाला जायला हवा होता? व्हेंडरला, किंवा ते कनेक्शन उघडं सोडणाऱ्याला. मिळाला पोराला. कारण काय, तर 'परवानगीशिवाय लाइन बंद करून उत्पादनाचे नुकसान केले'. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर कंत्राटदाराला ताकीद.

त्या रात्री अख्ख्या शिफ्टला जे ट्रेनिंग मिळालं ते कुठल्याही पीपीटीनं मिळालं नसतं. बाण फिरतोय? फिरू दे. आपण चहा पिऊन येऊ.

आणि हेच लोक मीटिंगमध्ये 'सायबर सिक्युरिटी कल्चर' म्हणतात. कुठलं कल्चर? रिसेप्शनमधलं पोस्टर? त्यावर हुडी घातलेला, तोंड न दिसणारा एक माणूस आणि मागे हिरवे आकडे. आमच्या शॉप फ्लोअरवर हुडीवाला कधी येत नाही हो. येतो तो व्हॉट्सअॅपवरच्या आरटीओ चलनाच्या नावानं एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप घुसवणारी) होऊन, किंवा सप्लायरच्या नावानं 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल होऊन. यावर ट्रेनिंगमध्ये एक ओळ नाही. ट्रेनिंग इंग्रजीत, ऐकणारे मराठी, हिंदी, ओडिया बोलणारे. शेवटी प्रश्नपत्रिका असते, ती एचआरमधला एक जण सगळ्यांच्या वतीनं सोडवतो. सगळे शंभर टक्के पास. हजेरीच्या सह्या फायर ड्रिलच्या कागदाबरोबरच उरकतात.

पॉलिसीची गंमत तर वेगळीच. जर्मन कस्टमरनं टिसॅक्स, म्हणजे गाडी उद्योगातलं माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र, मागितलं, म्हणून कन्सल्टंट आला. जाडजूड फाइल देऊन गेला, एमडींनी सही केली. मी ती वाचली (बहुधा मी एकटाच). आमच्या प्रेस शॉपमधल्या डेटाची जबाबदारी 'शाखा व्यवस्थापकां'वर होती. कुठल्या तरी बँकेची पॉलिसी उचलून नाव तेवढं बदललेलं. ऑडिटमध्ये ही फाइल पास झाली.

पासवर्डचं ऐका. हेड ऑफिसचा हुकूम आला की पासवर्ड लांबलचक हवा, दर पंचेचाळीस दिवसांनी बदलायला हवा आणि पाच मिनिटांत स्क्रीन लॉक व्हायला हवी. हे ऑफिसातल्या लॅपटॉपसाठी ठीक असेल. नसेलही, कारण ठरावीक दिवसांनी उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ सालीच सांगून ठेवलंय. पण तो नियम जसाच्या तसा लाइनवरच्या एचएमआयला, म्हणजे मशीन चालवायच्या स्क्रीनला, लावला. ऑपरेटरच्या हातात तेलकट ग्लोव्हज, समोर टचस्क्रीन, मशीन अलार्म देतंय आणि यानं कॅपिटल, आकडा, चिन्ह शोधत बसायचं! मग पासवर्ड मार्करनं पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिला गेला. तिन्ही शिफ्टला तोच. यात ऑपरेटर बेशिस्त कसा? ज्यानं एकदाही लाइनवर उभं न राहता नियम केला, त्याला विचारा. ओळखपत्र टेकवून लॉगिन करायची सोय बाजारात कधीपासून मिळते. पण त्याला पैसे लागतात, आणि पोस्टर स्वस्त पडतं.

त्यातून विंडोज सेव्हन. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० रोजी त्याचा सपोर्ट संपवला, आमच्याकडे ते दिमाखात चालू आहे. मान्य, मशीनवरची विंडोज घरच्या पीसीसारखी एका रात्रीत बदलता येत नाही. व्हेंडर म्हणतो कंट्रोलरच नवा घ्या. मग निदान ती मशीन वेगळ्या नेटवर्कवर तरी टाका! कारखान्यांच्या सायबर सुरक्षेच्या आयईसी ६२४४३ या मानकात हेच तर आहे: नेटवर्कचे झोन पाडा, दोन झोनांमधली वाट मोजकी ठेवा, त्या वाटेवर पहारा बसवा. आमच्याकडे अकाउंट्सचा प्रिंटर आणि वेल्डिंग रोबो एकाच नेटवर्कवर सुखानं नांदतात.

'आपण नट-बोल्ट बनवतो, आपल्याला कोण हॅक करणार?' हे वाक्य मी भोसरीपासून रांजणगावपर्यंत ऐकलंय. २०१८च्या ऑगस्टमध्ये याच पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले, तेव्हा म्हणाले, ते बँकांचं काम आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं रेनो या गाड्यांच्या कंपनीच्या लाइनी थांबवल्या. त्याला रोखणारा पॅच, म्हणजे विंडोजची दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता. मार्च २०२२ मध्ये टोयोटाचे जपानमधले १४ प्लांट एक दिवस बंद राहिले, का, तर पार्ट पुरवणाऱ्या एका सप्लायरवर हल्ला झाला म्हणून. सप्लायर, म्हणजे आपल्यासारखेच. २०२५च्या सप्टेंबरमध्ये टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचं उत्पादन आठवडेच्या आठवडे बंद होतं आणि ब्रिटनमधल्या छोट्या सप्लायरांच्या तोंडचं पाणी पळालं. ही बातमी आमच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकली. खाली अंगठे आले. पुढच्या मेसेजला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

आता कायद्याचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२चा आदेश सांगतो की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग (यंत्रणेत काय काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस भारतातच ठेवा, सगळ्या यंत्रणांची घड्याळं जुळवून ठेवा. आमच्या एका एचएमआयवर अजून २०१३ साल चालू आहे. फायरवॉलचे लॉग भरले की जुने आपोआप पुसले जातात. कुणी पाहतच नाही, तर ठेवायचे कशाला? आणि सहा तास? रात्री अकराला काही झालं तर ऑपरेटर सुपरवायझरला सांगणार, सुपरवायझर म्हणणार सकाळी बघू. सकाळी प्लांट हेड तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये. ते पोचल्यावर एमडींना कोण सांगणार यावर खलबत. एमडी म्हणणार, आधी लीगलला विचारा. तोवर सहा तासांचे सोळा झालेले. शिवाय मुळात ऑपरेटर सांगणारच नाही, कारण त्यानं त्या पोराचा मेमो नोटीस बोर्डावर वाचलाय.

मला जास्त राग याचा येतो की या लोकांना हे सगळं जमतं. सेफ्टीत जमवलंय ना! शॉप फ्लोअरवर एमडी आले तरी हेल्मेट आणि सेफ्टी शूज घातल्याशिवाय पिवळ्या रेषेच्या आत येत नाहीत. निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, लिहिणाऱ्याला ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, बक्षीस मिळतं, सगळ्यांसमोर टाळ्या पडतात. कुणी म्हणत नाही की तू निअर मिस लिहिलास म्हणजे चूक तुझीच. मग सायबरमध्ये काय मुंग्या चावतात? तिथं एमडींच्या मेलला ओटीपी नको, कारण 'साहेबांना त्रास होतो'. यूएसबी बंदीचा नियम सगळ्यांना, फक्त प्लांट हेडचा पेनड्राइव्ह सोडून, कारण त्यात कस्टमरचं प्रेझेंटेशन असतं. ऑडिटच्या दिवशी पोर्टवर लाल स्टिकर, ऑडिटरची गाडी गेटबाहेर पडली की स्टिकर कचऱ्यात.

नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीवर २०१९च्या मार्चमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, आलं. त्यांनी खंडणी दिली नाही, जमेल तिथं हातानं काम चालवलं आणि काय झालंय ते जगाला उघड सांगितलं. आमच्याकडे शेजारच्या डिपार्टमेंटला सांगायची चोरी.

मी लेखी दिलं. तो मेमो मागे घ्या, आणि सेफ्टीसारखंच सायबरचं निअर मिस रजिस्टर सुरू करा. मेमोचा विषय 'विचाराधीन' आहे. रजिस्टर मात्र लगेच आलं, बाइंडिंगवालं, वर कंपनीचा लोगो. मला वाटलं, चला, काहीतरी हललं. तेवढ्यात कन्सल्टंटचा मेसेज: 'सर, पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, रजिस्टर कोरं दिसायला नको. मागच्या तारखांनी आठ-दहा नोंदी टाकून घ्या, खाली तुमची सही.'

माझी सही मिळणार नाही. रजिस्टर एमडींच्या टेबलावर ठेवून आलोय, पेन सोबत दिलंय. ज्यांना ऑडिटची घाई आहे त्यांनी स्वतःच्या नावानं खोट्या तारखा टाकाव्यात.