रॉब्सन ऐकावा, पण बेतानं

अल्लादियाँ खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी गायक म्हणून ठेवलं, ते हे कोल्हापूर. तेव्हा वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकाच्या, पॉल रॉब्सनच्या गाण्यांची एक संध्याकाळ दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात खुशाल ठेवा. फक्त गाण्यांची. माणूस मधे येऊ द्यायचा नाही.

निवेदकाला आधीच तंबी द्या. 'खर्जातला धीरगंभीर आवाज' एवढं म्हणून त्यानं खाली बसावं. वडील गुलामगिरीतून पळून आलेले, हे कशाला? 'हलाखीतून वर आले' म्हटलं की भागतं. कोलंबियातून वकिलीची पदवी घेतली, हे मात्र जरूर सांगा. पालक खूश होतात. फक्त कोलंबिया म्हटल्यावर कुणाला तरी बाबासाहेब आठवणार. तेवढ्यात तबलजीला खूण करा.

१९५० साली अमेरिकन सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत दिला नाही. याला 'काही काळ परदेश दौरे झाले नाहीत' म्हणावं. गडी गप्प बसला असता तर आपलंही काम सोपं होतं! पण १९५२ मध्ये हा कॅनडाच्या सीमेवर ट्रकवर उभा राहून गायला. १९५७ मध्ये लंडनचं सभागृह भरलेलं आणि हा न्यूयॉर्कहून समुद्राखालच्या टेलिफोन केबलवरून गातोय. हे 'ध्वनितंत्राची कमाल' म्हणून खपवा. साउंडवाला टाळी देईल.

'ओल मॅन रिव्हर' हे मिसिसिपी नदीवरचं गाणं घ्यावंच लागेल. मूळ गाण्यातला माणूस जगण्याला थकलेला, मरणाला भ्यालेला. रॉब्सननं शब्द फिरवून त्याला मरेपर्यंत लढायला लावलं. आपल्या गायकानं मूळ शब्दच धरावेत, थकलेला माणूस कार्यक्रमाला बरा. आसामी गायक भूपेन हजारिका न्यूयॉर्कात रॉब्सनना भेटले आणि पुढं त्यांनी आपल्या गाण्यात थेट नदीलाच जाब विचारला. हा किस्सा टाळा. पंचगंगा जवळ आहे, आणि प्रदूषणाचं निवेदन खिशात घेऊन फिरणारे आपल्याकडं कमी नाहीत.

मध्यंतरात महाराजांच्या तसबिरीला हार घाला. १९०२ चा मागासांसाठी ५० टक्के जागांचा हुकूम, दलित गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराजांनी मुद्दाम घेतलेला चहा, असलं कुणी काढलंच तर 'चहा गार होतोय' म्हणा.

आभाराच्या वेळी मागून एखादं पोरगं विचारेल, पुढच्या वर्षी आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी घ्यायची का? रागवू नका. त्यासाठी १४ एप्रिल नेमून दिलेलाच आहे, असं हसून सांगा आणि माईक बंद करा.