महालातल्या मावशीची मधली खोली आणि ५जी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्रीच वाचली होती. उत्तराला थोडे दिवस लागले, कारण तुम्ही दाखवलेली एक चूक मला स्वतः तपासून पाहायची होती. चूक माझीच आहे. तिच्याबद्दल खाली लिहिते.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की हातातला फोन नीट चालत असेल तर केवळ ५जीसाठी नवा घेऊ नका. त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत. बर्डीवर तुमचं अकरा वर्षांपासून मोबाइलचं दुकान आहे. तुमचं म्हणणं असं: ५जी सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं, आणि इथलीच बाई लोकांना मागे खेचते. धरमपेठेत तुमच्या फोनवर ६०० एमबीपीएस (सेकंदाला ६०० मेगाबिट) एवढा इंटरनेटचा वेग मिळतो, त्याचा स्क्रीनशॉटही तुम्ही जोडलात. २०२०-२१ चे ५जी फोन ‘आता कामाचे राहिले नाहीत’ हे माझं वाक्य साफ चुकीचं आहे. आणि असे लेख वाचून लोक दुकानदाराला चोर समजायला लागतात.

हे शेवटचं मला लागलं, म्हणून आधी त्याचंच बोलते. लेखातून तसं वाटलं असेल तर मनापासून माफी मागते. माझा राग दुकानदारावर नाही. खोक्यावर ‘५जी’ एवढ्या मोठ्या अक्षरांत छापायचं, आणि तो फोन कोणते बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) पकडतो हे कुठेतरी बारीक अक्षरांत किंवा फक्त वेबसाइटवर ठेवायचं, हे ठरवतात कंपन्या. गिऱ्हाईक मात्र परत येऊन भांडतं तुमच्याशी. काउंटरच्या मागे उभं राहून हे तुम्ही अकरा वर्षं ऐकलं असेल.

आता माझी चूक. माझ्या इथल्या एका मावसभावाकडे २०२० मध्ये घेतलेला फोन आहे, त्याच्या माहितीत ५जीचा एकच बँड लिहिलेला आहे: एन७८, म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. मी गृहीत धरलं होतं की एकाच बँडचा फोन आता निकामी. रविवारी तो घेऊन मनीषनगर ते बर्डी असं दोनदा फिरले, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घालून. दोन्हींवर ५जी लागलं, आणि चांगलं लागलं. कारण साधं आहे. जिओ आणि एअरटेल या दोघांनीही देशभर ३५०० च्या पट्ट्यातच ५जीचा मुख्य डोलारा उभा केलेला आहे. त्यामुळे ‘कामाचे राहिले नाहीत’ हे वाक्य मी मूळ लेखातून काढलं आहे आणि तुमच्या हरकतीची नोंद तिथे केली आहे.

पण भाऊ, रस्त्यावर चालला म्हणजे घरात चालेलच असं नाही. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

माझी मावशी नागपूरच्या महाल या जुन्या भागात राहते. जुना वाडा, दीड-दीड हात जाडीच्या भिंती, मधल्या खोलीला एकही खिडकी नाही. मागच्या दिवाळीत तिच्या मुलाने हैदराबादहून पैसे पाठवले आणि सांगितलं, आईला चांगला ५जी फोन घेऊन दे, म्हणजे व्हिडिओ कॉल अडकणार नाही. मीच घेऊन दिला. पहिल्या दिवशी वाड्याच्या दारात उभं राहून स्पीड पाहिला, ४१२ एमबीपीएस. ओसरीवर तो ९० वर आला. मधल्या खोलीत, जिथे मावशीची खाट आहे आणि जिथे ती संध्याकाळी मुलाशी बोलते, तिथे ६. मागच्या स्वयंपाकघरात फोन ४जीवर उतरला आणि कॉल तुटला. दोन दिवसांनी मावशी मला म्हणाली, “अगं, जुन्या फोनवर निदान आवाज तरी येत होता.” तिच्या सिमच्या कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचं सिम घालूनही मधल्या खोलीत फार फरक पडला नाही.

३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर असते, ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची जवळपास ४३ सेंटिमीटर. लांब लहर दूरवर जाते आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते. आखूड लहर जाड भिंतीत, सिमेंटच्या स्लॅबमध्ये, पत्र्यात अडकते. मग सगळे ७०० च का वापरत नाहीत? कारण तिथे जागा कमी आहे. ३५०० च्या पट्ट्यात दोन्ही मोठ्या कंपन्यांकडे प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचाराच्या विभागात, किमान १०० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा आहे. ७०० मध्ये जिओने घेतला तो फक्त १० मेगाहर्ट्झचा जोडपट्टा, म्हणजे जायला १० आणि यायला १०. एक सहा पदरी रस्ता, पण वस्तीच्या वेशीवर संपणारा. दुसरी गल्ली, अरुंद, पण थेट अंगणापर्यंत जाणारी. तुमचे ६०० त्या सहा पदरी रस्त्यावरचे आहेत.

आणि ती गल्ली किती महाग पडली तेही बघा. ७०० मेगाहर्ट्झ २०१६ आणि २०२१ च्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांच्या, सरकारी लिलावांत कुणीच घेतला नव्हता, किंमत परवडत नव्हती म्हणून. २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ या काळातल्या लिलावात एकूण दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या, आणि ७०० घेणारी कंपनी एकच निघाली, जिओ. एअरटेलने तो घेतला नाही. आपल्या ४जीच्या जाळ्याचा आधार घेत त्यावर ५जी चढवण्याचा मार्ग त्यांनी निवडला. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर असेल. पण खोक्यावरच्या ‘५जी’ या दोन अक्षरांत हा फरक कुठेच दिसत नाही. एन२८, म्हणजे हाच ७०० चा बँड, नसलेला फोन जिओचं सिम असूनही त्या अंगणातल्या गल्लीत शिरूच शकत नाही. मावसभावाचा तो जुना फोन असाच आहे. तेव्हा माझं वाक्य आता असं वाचावं: २०२०-२१ चे बरेच ५जी फोन रस्त्यावर आणि खिडकीपाशी आजही छान चालतात, पण आतल्या खोलीतलं ५जी त्यांच्या नशिबी नाही.

एक गोष्ट तुमच्या गिऱ्हाइकांना जरूर सांगा. ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीत काही फोन वर ‘५जी’चं चिन्ह दाखवतात ते केवळ जवळचा ४जी टॉवर ‘माझ्यासोबत ५जीची सोय आहे’ असं सांगत असतो म्हणून. त्या क्षणी डेटा ५जीवरून येतच असेल असं नाही. मावशीच्या ओसरीवर मला हेच दिसलं: चिन्ह ५जीचं, काम ४जीचं.

आता पहिल्या आठ शहरांचं. तो अभिमान मलाही आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ५जी सुरू झालं. ५ तारखेला, दसऱ्याच्या दिवशी, जिओने दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि वाराणसीत चाचणी सुरू केली. ६ तारखेला एअरटेलची आठ शहरांची यादी आली, त्यात दिल्ली, मुंबई, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, सिलिगुडी आणि वाराणसीबरोबर नागपूर होतं. पुणे नव्हतं. आमच्या घरी त्या रात्री याच गोष्टीवर किती वेळ बोलणं चाललं होतं!

पण इथल्या दसऱ्याची दुसरी बाजूही मला माहीत आहे. माझे बाबा दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जातात. लाखो लोक आलेले असतात, बाहेरगावाहून, बाहेरच्या राज्यांतून. २०१९ मध्ये दुपारी तीन तास बाबांशी आमचा संपर्क तुटला. फोनवर रेंज पूर्ण दिसत होती, मेसेज मात्र जात नव्हता. आई दारात उभी होती. बाबा संध्याकाळी चालत घरी आले. काहीच झालं नव्हतं, नुसता फोन लागत नव्हता. तेव्हा मला कळलं की पूर्ण रेंज आणि चालणारा फोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका टॉवरखाली एवढी माणसं आली की प्रत्येकाच्या वाट्याला काहीच उरत नाही. ४जीचा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा असतो, ५जीचा १०० चा, शिवाय नवे अँटेना वेगवेगळ्या दिशांना वेगळे झोत टाकू शकतात. ५जीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. एका माणसाला ६०० एमबीपीएस देण्यापेक्षा दहा हजार माणसांचा मेसेज त्याच मिनिटात पोचवणं मोलाचं आहे. दीक्षाभूमी असो, इतवारीतली दिवाळीची गर्दी असो किंवा जामठ्याच्या स्टेडियमवरची मॅच असो. म्हणून मी ५जीच्या विरोधात नाही. ते लवकर पसरावं असंच मला वाटतं, आणि चार लाखांहून जास्त ५जी बीटीएस (टॉवरवरची सिग्नल देणारी यंत्रं) एवढ्या कमी काळात उभे राहिले ही मोठी गोष्ट आहे.

माझी तक्रार क्रमाची आहे. आपल्याकडे पहिला ५जी फोन म्हणून रियलमीचा एक्स५० प्रो आला फेब्रुवारी २०२० मध्ये. तेव्हा देशात ५जीचा एकही टॉवर ग्राहकांसाठी सुरू नव्हता, स्पेक्ट्रमचा लिलावही व्हायचा होता. अडीच वर्षांहून जास्त काळ लोकांनी खिशात ५जी बाळगलं आणि वापरलं ४जी. आयफोन १२ ऑक्टोबर २०२० मध्ये आला. त्याचं ५जी भारतात सुरू झालं डिसेंबर २०२२ च्या अपडेटने, म्हणजे इथे नेटवर्क आल्यानंतरही दोन महिने थांबून. तुम्ही लिहिलंत, “फोन पाच वर्षं टिकतो, पुढचा विचार करून घ्यावा.” महागडा फोन टिकेल. पण त्या काळातल्या स्वस्त ५जी फोनना अँड्रॉइडची नवी आवृत्ती एक किंवा दोनदाच मिळत असे. नेटवर्क येईपर्यंत त्या फोनचं अर्धं आयुष्य संपलेलं होतं. ज्याने बजाजच्या हप्त्यावर, हिंगण्याच्या कारखान्यातल्या पगारातून तो घेतला, त्याने न मिळालेल्या गोष्टीचे पैसे आगाऊ भरले. मला याचं वाईट वाटतं, आणि त्यासाठीच तो लेख लिहिला होता.

रिचार्जचंही तसंच झालं. जुलै २०२४ पर्यंत जिओच्या २३९ रुपयांच्या, रोज दीड जीबीच्या प्लॅनवर अमर्याद ५जी मिळत होतं. दरवाढीनंतर तोच प्लॅन २९९ चा झाला आणि अमर्याद ५जी गेलं रोज २ जीबी आणि त्यापुढच्या प्लॅनवर, म्हणजे २८ दिवसांना ३४९ रुपयांवर. एअरटेलनेही अमर्याद ५जी २ जीबी आणि पुढच्या प्लॅनपुरतंच ठेवलं. फोन घेताना गिऱ्हाईक किंमत विचारतं ती फोनची. वरचा हा दर महिन्याचा फरक त्याला कुणी सांगत नाही. पाच माणसांच्या घरात तो वर्षाला किती होतो याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल.

उन्हाचं थोडक्यात. तुम्ही म्हणालात, स्पीड कमी येतो तो फोनचा दोष. मे महिन्यात इथे पारा ४५ वर जातो, आणि ॲपल स्वतः आयफोनसाठी ० ते ३५ अंश हवेत वापरा असं सांगते. दुपारी गाडीच्या हँडलला फोन लावून फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांचा फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, काही फोन ५जी सोडून ४जीवर जातात. तो बिघाड नव्हे. अशा मुलाला ५जीपेक्षा मोठी बॅटरी आणि उन्हात दिसणारा स्क्रीन जास्त उपयोगी पडेल, असं त्याला सांगणारा दुकानदार मला हवा आहे.

मावशीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तिच्या घरात केबलवाल्याकडून साधं ब्रॉडबँड घेतलं, राऊटर मधल्या खोलीच्या दारावर बसवला आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून फोन लावायची सोय, सुरू केलं. ही सोय तिच्या जुन्या ४जी फोनमध्येही होती, फक्त बंद होती. ब्रॉडबँड आणि ते सेटिंग आधी माझ्या लक्षात आलं असतं तर दिवाळीचे पंधरा हजार वाचले असते, आणि हे मला अजून टोचतं. आता ती रोज संध्याकाळी खाटेवर बसून मुलाशी आणि नातवाशी बोलते. चित्र अडकत नाही. नवा ५जी फोन तिने तिच्या भाडेकरूच्या मुलीला दिला. ती मुलगी कॉलेजला जाते, दिवसभर बाहेर असते, तिच्या तो खरंच कामी येतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. दुकानात प्रत्येक ५जी फोनच्या किमतीच्या चिठ्ठीवर एन२८ आणि एन७८ आहे की नाही एवढं लिहाल का? यादी करायला मी मदत करेन, एका दुपारचं काम आहे.

शनिवारी संध्याकाळी मी मावशीला घेऊन बर्डीवर येतेय. तिच्या जुन्या फोनची बॅटरी बदलायची आहे. तुमच्याकडे होत असेल तर बर्डीवरच्या ‘मोदी नंबर’ म्हणतात त्या गल्ल्यांपैकी कोणत्या गल्लीत दुकान आहे ते कळवा, तिथेच येतो.