खरूज रक्तातून येत नाही

“खरूज म्हणजे रक्त बिघडल्याची खूण. अस्वच्छ घरात ती होते. गोड खाणे सोडा, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ करा. ज्याला खाज सुटते त्यानेच मलम लावावे आणि खाज थांबली की बंद करावे.” हा मजकूर कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. त्यातले एकही वाक्य खरे नाही.

रक्ताचा इथे संबंधच नाही. खरूज होते ती माइट नावाच्या आठ पायांच्या एका बारीक जिवामुळे. जेमतेम ०.४ मिलिमीटरची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा कोरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १६८७ मध्येच त्याचे वर्णन केले होते. गोड सोडून तो मरत नाही.

अस्वच्छतेचा आरोप मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो शेवटी आईच्या माथी मारला जातो. बोगद्यातली मादी साबणाने किंवा कडुलिंबाने धुऊन निघत नाही. खरूज पसरते ती अंगाला अंग बराच वेळ लागून, म्हणूनच एका अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांत आणि दाटीच्या वसतिगृहांत ती जास्त दिसते.

ओळखायची कशी? खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबी, कंबर, जननेंद्रिये इथे बारीक पुटकुळ्या येतात, कधी राखाडी नागमोडी रेघही दिसते. मोठ्यांचा चेहरा बहुधा यातून सुटतो. तान्ह्या बाळाचे मात्र तळहात, तळपाय आणि डोकेही तपासा. गजकर्णासारखे गोल चट्टे यात नसतात. आणि हमखास विचारावे असे एक: घरात आणखी कोणी खाजवते आहे का?

“ज्याला खाज त्यानेच मलम” हा सल्ला तर घातकच. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर तो माणूस इतरांना खरूज देतच असतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घ्यायचे. डॉक्टर बहुधा माइट मारणारे ५ टक्के परमेथ्रिनचे मलम देतात: मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही, रात्रभर, आठवड्याने पुन्हा. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड मलमाने लाली दबते, माइट तसेच राहतात. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाहीत ते आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवा.

माइट मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध निकामी ठरवून रोज मलम चोपडू नका. नव्या पुटकुळ्या दिसल्या, किंवा खाज त्यापुढेही टिकली, तर मात्र पुन्हा दाखवून घ्या.