‘चालतंय ना, मग कशाला बदलता?’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. सियागंजच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर हिंदीतून, आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मराठीतून. मजकूर थोडक्यात असा: ‘घरचा धंदा वीस-पंचवीस वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर चालला त्याला हात लावू नका. नव्या सॉफ्टवेअरपायी हर्शी आणि लिडलसारख्या कंपन्यांचे कोट्यवधी बुडाले, तिथं आपली काय कथा? जुनी माणसं दुखावून निघून जातात. हिशेब क्लाउडवर गेला की घरचं गुपित उरत नाही. फायदा होतो तो फक्त विकणाऱ्याचा.’

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका मराठी कुटुंबाच्या नमकीन कारखान्यात एकोणीस वर्षं हिशेब बघते. चिवडा, शेव, फरसाण असा माल आहे आणि तो देवास-उज्जैनपासून जळगाव-धुळ्यापर्यंत जातो. आमच्या थोरल्या मालकांनी, म्हणजे दादांनी, हा मेसेज मला पाठवला आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे, कारण हा मेसेज वाचून आणखी कुणीतरी बदल पुढं ढकलेल आणि त्याचा भार ज्याच्यावर पडेल त्याला कुणी विचारणारही नाही.

‘वीस वर्षं चाललं.’ आमचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेतलं, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारं. 1997 साली इथल्याच एका मुलानं लिहिलं आणि त्या काळासाठी फार चांगलं लिहिलं. तो पुढं पुण्याला गेला. मूळ कोड आता त्याच्याकडेही नाही. 64 बिटच्या विंडोजवर ते उघडतच नाही, म्हणून एक्सपीचे दोन कॉम्प्युटर जिवापाड जपलेले. त्या एक्सपीची सुरक्षेची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं 8 एप्रिल 2014 ला थांबवली. मदरबोर्ड गेला की सिल्व्हर मॉलमध्ये जुना बोर्ड शोधत फिरायचं. लाइट गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची यादी, बिघडणार, सगळ्यांनी काम थांबवायचं आणि आमचे मुनीम, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते येऊन सगळं पुन्हा जुळवणार.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा या सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागाच नव्हती. काकांनी जुन्या करांच्या रकान्यांत जीएसटीच्या तीन भागांना जागा केली. व्हॅटच्या रकान्यात एसजीएसटी, सरचार्जच्या रकान्यात सीजीएसटी, सीएसटीच्या रकान्यात आयजीएसटी. पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा आणि व्हॅटच्या काळातल्या टिन नंबरचा रकाना बारा अक्षरांचा, म्हणून तो नंबर पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत. 1 ऑक्टोबर 2022 पासून दहा कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं, आणि तेव्हापासून आमचं प्रत्येक बिल दोनदा लिहिलं जात होतं: एकदा फॉक्सप्रोत, एकदा पोर्टलवर. आयआरएन, म्हणजे पोर्टलकडून मिळणारा नंबर, नसलेलं बिल कायद्यानं बिलच धरत नाहीत, पार्टीचं कराचं क्रेडिट अडकतं. 1 एप्रिल 2025 पासून तर दहा कोटींवरच्यांना बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत ते नोंदवावंच लागतं. संध्याकाळी सहानंतर हे दुसरं लिहिणं कोण करत होतं? काका आणि मी.

त्यामुळे ‘चालतंय’ हा शब्द ऐकला की मला त्रास होतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेली प्रत्येक गोष्ट एका माणसाच्या डोक्यात होती, आणि तो माणूस बासष्ट वर्षांचा आहे.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून नमकीनवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. गिऱ्हाइकासाठी आनंदाची गोष्ट. पण दिवाळी चार आठवड्यांवर, माल जोरात सुटतोय, आणि आमचं सॉफ्टवेअर बिलात कराचा आकडा साठवतच नव्हतं. छापताना ते मास्टरमधला, म्हणजे मालाच्या मूळ यादीतला, दर बघून हिशेब करायचं. दर 5 केला की ऑगस्टचं बिलसुद्धा 5 नं छापलं जाणार. 12 नं विकलेला माल परत आला तर त्याची क्रेडिट नोट, म्हणजे पार्टीला रक्कम वळती करणारा कागद, तीही 5 नं. मग काकांनी सगळ्या डेटाची दुसरी प्रत केली: एक जुन्या दराची, एक नव्या दराची. कुठली नोंद कुठल्या प्रतीत करायची ते त्यांना पाठ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना कारखान्यातच चक्कर आली, डॉक्टरांनी तीन दिवस घरी बसवलं. त्या तीन दिवसांत परतीची एकही नोंद झाली नाही, कारण मला धीर झाला नाही. एवढं सांभाळूनही एरवी धुळ्याच्या एका पार्टीला चुकीची क्रेडिट नोट गेलीच, आणि ती सोडवायला डिसेंबर उजाडला.

खाण्याच्या मालाचं आणखी एक आहे. खराब निघालेला माल बाजारातून परत बोलावण्याचे, खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या एफएसएसएआयचे नियम 2017 पासून आहेत. अमुक बॅचचा चिवडा कुठल्या दुकानात गेला हे लगेच सांगता आलं पाहिजे. आमच्या बिलात बॅच नंबरच नव्हता. तो पॅकिंगच्या वहीत होता आणि वही गोदामात. आजवर तशी वेळ आली नाही हे नशीब. त्यात सॉफ्टवेअरचं कौतुक नाही.

आता हर्शी आणि लिडल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण पूर्ण वाचल्या पाहिजेत. हर्शी ही अमेरिकेतली चॉकलेटची कंपनी. चार वर्षांचं काम तिनं अडीच वर्षांत आटपायला घेतलं आणि तीन मोठ्या प्रणाली 1999 च्या जुलैत एकदम सुरू केल्या. म्हणजे हॅलोविन या तिकडच्या ऑक्टोबरातल्या सणाच्या खरेदीच्या तोंडावर, आपल्याकडे श्रावणात सगळं उपसून ठेवावं आणि दिवाळीला माल सुटावा म्हणावं तसं. गोदामात माल पडून आणि दहा कोटी डॉलरच्या वर ऑर्डरी अडकल्या. यातून दिसतं ते एवढंच की हंगामाच्या तोंडावर बदल करू नये.

लिडलचं तर उलटंच आहे. किराणा दुकानांच्या त्या जर्मन कंपनीनं सात वर्षं आणि सुमारे पन्नास कोटी युरो घालून 2018 साली काम सोडलं. ती मालाचा हिशेब खरेदीच्या भावानं ठेवायची, नवी प्रणाली विक्रीच्या भावानं ठेवणारी होती. कंपनीनं आपली रीत बदलली नाही. प्रणालीच मोडून आपल्यासारखी करायला लावली आणि ती मोडतोड वाढत गेली. जुनं जसंच्या तसं राहू द्या म्हणणाऱ्यांनी लिडलचा दाखला देऊ नये.

आम्ही नवं सॉफ्टवेअर घ्यायला निघालो तेव्हा हा धडा आम्हालाही लागला. ‘अगदी आत्तासारखाच स्क्रीन करून द्या’ अशी मागणी सुरुवातीला मीच केली होती, कारण बोटांना सवय होती. वहिनींनी, म्हणजे दादांच्या सुनेनं, प्रत्येक मागणीसमोर ‘कायद्याला लागतं की सवयीला?’ असा रकाना घातला. माझ्या एकतीस मागण्यांपैकी सहा उरल्या.

‘जुनी माणसं दुखावतात.’ यात तथ्य आहे. पहिल्या बैठकीला काकांना बोलावलंच नव्हतं. विकायला आलेला मुलगा पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत होता आणि काका बाहेर चहा सांगत होते. ते मला म्हणाले, ‘ताई, आता माझं इथं काय काम?’ माणसं दुखावतात ती अशी, न विचारल्यानं. दुसऱ्या बैठकीला दादा स्वतः त्यांना हात धरून आत घेऊन आले आणि म्हणाले, आधी काका सांगतील, मग तुम्ही. काकांनी वही काढली. 2017 पासून केलेली प्रत्येक जुळवाजुळव तारखेसह लिहिलेली, एकशे चाळीस नोंदी. त्या मुलानं लॅपटॉप मिटला आणि दोन तास लिहून घेतलं. डेटा साफ करायचं काम त्यानंतर काकांच्याच हाताखाली झालं. एकच पार्टी चार नावांनी होती, पंचवीस अक्षरांवर तुटलेली दुकानांची नावं होती; त्यातलं कुठलं कोण हे दुसऱ्या कुणाला कळणार?

क्लाउडचं, म्हणजे हिशेब इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवण्याचं, थोडक्यात. आपली प्रत्येक विक्री जीएसटी पोर्टलवर आधीच आहे. गुपिताची काळजी असेल तर फॉक्सप्रोच्या फाइलींची करा: पेनड्राइव्हवर उचलून कुणीही नेऊ शकतो, उघडून कुठलाही आकडा बदलू शकतो, आणि कुणी बदलला हे कधीच कळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. आमच्या ऑडिटरांनी लिहिलंही.

विकणाऱ्याला फायदा होतो, खरंच होतो. म्हणून करारात आम्ही एक अट घातली: सोडून जायचं झालं तर आमचा सगळा डेटा उघडता येईल अशा स्वरूपात परत मिळाला पाहिजे. ती ज्यांनी मानली नाही त्यांना घेतलं नाही.

जानेवारीपासून तीन महिने दोन्हीकडे बिलं केली. थकवणारं होतं. 1 एप्रिलला जुनं बंद झालं. एक्सपीचा एक कॉम्प्युटर नेटपासून तोडून ठेवला आहे, फक्त बघण्यासाठी, कारण कंपनी कायद्यानं आठ वर्षांचे हिशेब लागतात.

वहीतल्या एकशे चाळीस नोंदींपैकी एकशे एकोणचाळीसवर काकांनी तांबड्या पेननं रेघ मारली आहे. उरली आहे ती महूच्या दोन भावांची. दुकान वाटलं गेलं, आमची उधारी मात्र एकाच नावावर आहे आणि दोघंही ती दुसऱ्याची म्हणतात. काका उद्या सकाळच्या बसनं तिकडं जाणार आहेत.