तिवई डुगडुगत नाही, कलंडते

चार-पाच दिवस झाले, दुकानाचं शटर वर केलं की कुणीतरी रिक्षावाला मोबाईल पुढं करतो. "मामा, हे बघितलं का?" मेसेज तोच, व्हिडिओ तोच. पुढं दोन चाकं आणि मागं एक असलेली तीन चाकी मोटरसायकल ओल्या मैदानावर गोल गोल फिरतीय आणि काही केल्या पडत नाही. खाली मजकूर असा:

"परदेशातली ही तीन चाकी बाईक कितीही वेगात वळवा, उलटतच नाही, कारण आत कॉम्प्युटर आहे. तीन चाकं मुळातच दोनपेक्षा सुरक्षित. हीच पाच हजारांची चिप आपल्या ऑटो-आपेत बसवली तर एकही गाडी पलटी होणार नाही. पण कंपन्या आणि सरकार मुद्दाम बसवत नाहीत. मराठवाड्यातल्या प्रत्येक रिक्षावाल्यापर्यंत पोचवा."

पोचलाय. अंबाजोगाईत माझं ब्रेक आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, दिवसाला दोन-तीन तरी ऑटो उघडून बसलेलो असतो. म्हणून ह्याचं उत्तर द्यायचा थोडा हक्क मला आहे असं धरून चालतो.

"कितीही वेगात वळवा, उलटतच नाही, कारण आत कॉम्प्युटर आहे"

आधी फोटोंचा घोळ. मेसेजसोबत दोन फोटो फिरतायत आणि त्या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. एक कॅनडाच्या बीआरपी कंपनीची कॅन-ॲम स्पायडर, २००७ साली आलेली. ती वळताना झुकत नाही, कारसारखी आडवी राहते. दुसरा फोटो यामाहाच्या निकेनचा. ती २०१८ पासून विकली जाते आणि मोटरसायकलसारखी झुकते. इतकी झुकते की तीन चाकं असूनही उभी करताना तिला स्टँड लावावा लागतो. म्हणजे मेसेजमधल्या दोन "न पडणाऱ्या" गाड्यांपैकी एक तर नुसती उभी केली तरी पडते.

राहिली स्पायडर. तिच्यात कॉम्प्युटर आहे हे खरं, आणि तो चांगला आहे हेही खरं. बॉशची यंत्रणा आहे. प्रत्येक चाकाचा वेग, हँडल किती वळवलंय, गाडी स्वतःभोवती किती झपाट्यानं फिरतीय, बाजूला किती ओढ बसतीय, हे सगळं ती सारखं मोजत असते. चालकानं मागितलेलं वळण आणि गाडी घेत असलेलं वळण ह्यांचा मेळ बसेना, किंवा आतलं पुढचं चाक हलकं पडायला लागलं, की ती इंजिनाची ताकद कापते आणि गरज असेल त्या चाकाला आपणहून ब्रेक लावते. त्यानं वेग उतरतो, नाक बाहेरच्या अंगाला ओढलं जातं आणि वळण मोठं होतं.

वळण मोठं होतं, हे शब्द सोडून पुढं जाऊ नका. उलटू नये म्हणून कॉम्प्युटर गाडीला सांगतो, "एवढं वळू नकोस." मोकळ्या मैदानात हे फार छान. पण घाटात डावं वळण घेताना गाडी बाहेरच्या अंगाला गेली म्हणजे कुठं गेली? समोरून एसटी येत असते त्या बाजूला. उजव्या वळणावर गेली तर साइडपट्टीवर. आणि आपल्याकडच्या साइडपट्ट्या म्हणजे काळी माती. पावसानं खचून डांबराच्या कडेला वीतभर खड्डा पडलेला. चाक तिथं उतरलं, अडकलं, की गाडी अडखळून उलटते. कॉम्प्युटरनं गाडी वेगामुळं उलटू दिली नाही, कडेला ठेच लागून उलटली. ठेच लागल्यावर त्याच्या हातात काही नसतं.

शिवाय ही यंत्रणा शेवटी टायरच्या पकडीवर जगते. ब्रेक लावणार तो टायरमार्फतच. दिवाळी उलटून कारखाने सुरू झाले की ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो, वर उसाच्या कांड्या आणि पाचट. तिथं टायरलाच धरायला काही नसेल तर हुशार कॉम्प्युटर आणि बंद पडलेला कॉम्प्युटर ह्यांत फार फरक राहत नाही. स्पायडरचं मागचं चाक एकटं आणि रुंद. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, आणि मागं आधाराला दुसरं चाक नाही. खुद्द कंपनीच्या पुस्तिकेत इशारा आहे की यंत्रणा असली तरी ताबा सुटू शकतो आणि गाडी उलटू शकते. कंपनी "उलटू शकते" म्हणते, फॉरवर्ड करणारा "उलटतच नाही" म्हणतो. मी कंपनीचं ऐकेन.

आणखी एक गोष्ट कॉम्प्युटरला कळत नाही, ती म्हणजे वर बसलेला माणूस. दोन चाकीवर आपण गाडीबरोबर आत झुकतो. न झुकणाऱ्या तीन चाकीवर अंग बाहेर फेकलं जातं, आणि तीनशे किलोच्या वरच्या गाडीवर ऐंशी किलोचा माणूस कुठं कलतो ह्याला वजन आहे. हँडलचंही तसंच. वेगात मोटरसायकल डावीकडं वळवताना आपण नकळत डावी मूठ पुढं ढकलतो. हँडल किंचित उजवीकडं जातं, गाडी डावीकडं झुकते, वळते. विश्वास बसत नसेल तर मोकळ्या रस्त्यावर जपून करून बघा. स्पायडरवर हीच सवय वापरली तर गाडी सरळ उजवीकडं जाईल. तिला हाताचा ब्रेकही नाही, तिन्ही चाकांना मिळून एक पायाचा ब्रेक. वीस वर्षं बुलेट चालवलेला माणूस घाबरल्यावर बोटांनी जो लिव्हर शोधणार, तो तिथं नसतोच. ऑटोवाला मात्र तिच्यावर लवकर रुळेल, एवढं आपल्या लोकांचं कौतुक करून पुढं जातो.

"तीन चाकं मुळातच दोनपेक्षा सुरक्षित"

घरात जुनी तिवई असेल तर काढा. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरसुद्धा डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं. म्हणून आपल्याला वाटतं तिवई पक्की. आता दोन पायांच्या मधल्या कडेवर जरा रेलून बसा. लगेच कलंडेल. डुगडुगणं वेगळं आणि कलंडणं वेगळं, आणि ह्या मेसेजचा सगळा गोंधळ ह्या दोन शब्दांत आहे. उभी असताना तीन चाकी पडत नाही म्हणून वळताना पडणार नाही, असं नसतं.

अमेरिकेत होंडा वगैरे कंपन्यांच्या शेतात-माळावर पळवायच्या तीन चाकी गाड्या होत्या, फुगीर टायरांच्या, पुढं एक चाक आणि मागं दोन. पोरं त्यावरून इतकी पडली की १९८८ मध्ये कंपन्यांनी सरकारशी समझोता करून नव्या तीन चाकींची विक्रीच थांबवली. पुढं बाजारात चार चाकी तेवढ्या राहिल्या.

"हीच चिप आपल्या ऑटो-आपेत बसवली तर"

इथं जरा बसून बोलावं लागेल.

स्पायडरची रुंद बाजू पुढं आहे. आपल्या ऑटोची रुंद बाजू मागं आणि टोक पुढं. ब्रेक मारला की वजन पुढं धावतं, हे कुठल्याही गाडीत. स्पायडरमध्ये ते रुंद बाजूकडं जातं, गाडी आणखी पक्की उभी राहते. ऑटोत ते टोकाकडं जातं. वळणात ब्रेक मारला की ऑटो आतलं मागचं चाक उचलते, हे प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे. म्हणजे ज्या औषधावर ती परदेशी गाडी बरी होते, तेच ऑटोला वळणात उलटं पडू शकतं. वेग आधी उतरतो की गाडी आधी कलंडते, अशी शर्यत लागते.

आकड्यांत सांगतो. समजा पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत २ मीटर अंतर आहे, मागच्या दोन चाकांत ११५ सेंटिमीटर. कागदावर हा त्रिकोण काढा. ड्रायव्हर आणि मागं तीन माणसं असताना भाराचा मध्य मागच्या आसापासून ७० सेंटिमीटर पुढं धरू. तिथं त्रिकोणाची रुंदी भरते साधारण ७५ सेंटिमीटर. मागं ११५ दिसत असलं तरी गाडीला उभं राहायला जागा एवढीच. आता ड्रायव्हरच्या दोन्ही मांड्यांशी एकेक माणूस बसवा. मध्य १२ सेंटिमीटर तरी पुढं सरकतो आणि रुंदी उरते ६८. टपावर पोती टाकली की हाच मध्य वर चढतो.

मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असताना १५ मीटर त्रिज्येचं वळण ही गाडी ताशी ३४ किलोमीटरपर्यंत कशीबशी घेईल. पुढं दोन माणसं आणि टपावर माल चढवून मध्य ७५ वर गेला, तर तेच वळण २९ ला हातातून जातं. आणि त्या वळणात ब्रेक जरा जोरात दाबला तर २६. स्प्रिंग दबतात, टायर वाकतात, त्यामुळं खऱ्या रस्त्यावर ह्याच्याही आधीच. काल जे वळण ३० नं सहज घेतलं ते आज ३० नं घ्यायला जावं आणि गाडी आडवी व्हावी, ह्यात गूढ काही नाही.

चिप ही रुंदी एका सेंटिमीटरनं वाढवत नाही.

आता ती बसवायची कशाला, तेही बघू. कॉम्प्युटरनं एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावायचा तर प्रत्येक चाकाचा ब्रेक ठरल्याएवढाच धरतो ह्याची त्याला खात्री हवी. परवा एक ऑटो आली. "मामा, ब्रेक मारला की उजवीकडं ओढतीय." डावा ड्रम काढला. व्हील सिलिंडरचं रबर फुटलेलं, ब्रेक ऑईल गळून लायनर काळाकुट्ट, बोट फिरवलं तर लोण्यासारखं गुळगुळीत. उजव्या बाजूचा लायनर मात्र कोरडा. म्हणजे मागच्या ब्रेकचं सगळं काम उजवं चाक एकटं करत होतं. पुढचा टायर गोटा. मागच्या दोन टायरांत एक जुना, एक नवा. एकात हवा भरपूर, दुसऱ्यात दाबलं तर अंगठा आत जाईल अशी. चाकांचे वेग तुलना करून निर्णय घेणाऱ्या यंत्राला ह्या गाडीवर बसवलं तर ते सरळ रस्त्यावरसुद्धा समजेल की गाडी वळतीय.

आणि त्या ऑटोत तारेवर चालणारी ॲक्सिलरेटरची मूठ, तिन्ही ड्रमना मिळून एकच पायाचा ब्रेक. चाकांचे सेन्सर, हँडलचा सेन्सर, प्रत्येक चाकाचं ऑईल वेगळं सोडणारा पंप, हे सगळं आधी लागतं. चिप हा त्यातला शेवटचा आणि स्वस्त भाग. कुणी पाच हजारांत डबी चिकटवून दिवा लावून दिला तर तो दिवाच असेल. ब्रेकच्या लाइनमध्ये अशी मोडतोड परवानगीशिवाय करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडकतं. अपघात झाल्यावर विमावाला काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको.

"कंपन्या आणि सरकार मुद्दाम बसवत नाहीत"

लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या कारमध्ये आली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून कारना सक्तीची झाली, युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या कारना. आपल्याकडं १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. हे सगळं छापून आलेलं आहे. बजाजचा कारखाना १९८५ पासून वाळूजला आहे, तिथं काम केलेली माणसं आपल्या गावागावांत आहेत. चहाच्या टपरीवर विचारा. ऑटोला पुढच्या काळात कॉम्प्युटर काय देऊ शकतो असं विचाराल तर मी म्हणेन वेगाला लगाम. तो मुठीवर बसतो, ब्रेकला हात लावत नाही आणि वळणात उलटं औषध देत नाही. पण त्याचा मेसेज कुणी फिरवणार नाही, कारण तो ज्याला बसेल त्यालाच नको असतो.

डावा लायनर गेलेल्या त्या ऑटोचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. दोन्ही बाजूंचे लायनर, व्हील सिलिंडरचं किट, ब्रेकची हवा काढली, पुढचा टायर बदलला, मागच्यांची हवा सारखी केली. तरी चिपच्या पाच हजारांतले पैसे उरले. पोरगं समजूतदार, वरचा कागदी त्रिकोण त्याला काढून दाखवला, त्यानं मान डोलावली. "मामा, पटलं. टपावरचा माल बंद." मग गाडी स्टार्ट करून शेजारच्या टपरीकडं हाक मारली. दोघंजण चहा टाकून धावत आले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसले.

मी नुसतं बघितलं.

"मामा, हा मेव्हणा आहे," तो म्हणाला. "ह्याला मागं बसवलं तर घरी बोलणी खावी लागतात."