केळी कशी दिली?

गेल्या रविवारी सकाळी बोपदेव घाटापलीकडच्या एका फाट्यावर उभं राहून मी अडीच डझन केळी विकली. मी केळीवाला नाही, नोकरीवाला आहे. ती केळी माझी नव्हती आणि विकायची तर अजिबातच नव्हती. शिवाय ज्या तालुक्याच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या पुरंदरात जाऊन केळी विकायची म्हणजे नागपूरकरांच्या दारात मोसंबीची हातगाडी लावण्यापैकी. पण विकली. शंभर रुपये आले. ते अजून माझ्याकडेच आहेत आणि त्यांचं काय करायचं यावर ग्रुपवर दोन तट पडले आहेत.

ग्रुप म्हणजे आमचा सायकलवाल्यांचा. दर रविवारी पुण्याबाहेर पन्नास-साठ किलोमीटर. रस्ता कुणी चुकू नये आणि वाटेत पाणी-केळी मिळावीत म्हणून एकाने पुढे जाऊन फाट्यावर उभं राहायचं, त्याला मार्शल म्हणतात. हे काम आळीपाळीने करायचं असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचीच पाळी लागोपाठ येते. मी तर होसुद्धा म्हणालो नव्हतो. शुक्रवारी रात्री कुणाच्या तरी नातवाच्या बारशाच्या फोटोला अंगठा द्यायला गेलो आणि तो घसरून खालच्या ‘या रविवारी मार्शल कोण?’ या प्रश्नाला लागला. दोन मिनिटांत सतरा जणांनी हात जोडले. सतरा हात जोडल्यावर माघार घ्यायला माणूस फार धीट लागतो.

घाट अंधारात एकट्याने चढलो. त्याची तक्रार नाही. येवलेवाडीचे डंपर आणि मार्बलची दुकानं मागे पडली की चढ सुरू होतो. पहिल्या वळणापर्यंत आपण का आलो असं वाटतं, दुसऱ्या वळणाला काही वाटायचं बंद होतं आणि माथ्यावर पोचल्यावर मागे पुण्याचे दिवे लुकलुकत असतात. इतक्या लांबून ते शहर चक्क बरं दिसतं. पलीकडच्या उतारावर थंड हवा कानात शिरते, कुठल्यातरी रानातून कोथिंबिरीचा वास येतो, भिवरीत कुणीतरी चूल पेटवलेली असते. या एवढ्यासाठी मी वर्षाला हजार रुपये वर्गणी भरतो. बाकी सगळं मी सहन करतो.

फाट्यावर ग्रुपमधल्या एकाची गाडी थांबलेली होती. त्यांनी सहा डझन केळी, चिक्कीची पिशवी, इलेक्ट्रॉलची पाकिटं आणि पाण्याचा जार उतरवला, एक पोपटी जाकीट माझ्या अंगावर चढवलं आणि ‘सासवडला नाश्त्याचं बघतो’ असं म्हणून ते गेले. नाश्त्याचं बघायला गेलेला माणूस नाश्ता झाल्याशिवाय दिसत नाही. मी केळी किलोमीटरच्या दगडावर आणि उरलेली जारावर नीट मांडली. नीट मांडली हीच चूक झाली.

सात वाजून गेले असतील. पलीकडच्या बांधावरून एक म्हातारबाबा आले. टोपी, धोतर, वर कुणीतरी परदेशातून पाठवलेला असावा असा जाड लाल स्वेटर, हातात काठी. दहा पावलांवर थांबून त्यांनी आधी माझं जाकीट पाहिलं, मग रस्ता पाहिला, मग पुन्हा जाकीट.

“मोजनी हाय का?”

“कसली?”

“रिंगरोडची.”

“नाही हो बाबा. सायकली येणार आहेत.”

“सायकलींची मोजनी?”

“मोजणी नाहीच. सायकली नुसत्या जाणार आहेत.”

“कुठं?”

“सासवडला.”

“तिथं काय हाय?”

“नाश्ता.”

बाबांचा चेहरा एकदम सैलावला. त्या पट्ट्यात रंगीत जाकीट घातलेला माणूस रस्त्याकडेला उभा दिसला की कुणाचं तरी रान कमी होणार असतं. आधी विमानतळाची चर्चा, मग रिंगरोडची. पहाटे उठून बांधावर यायचं आणि आधी जाकिटाचा रंग बघायचा, ही सवय माणसाला उगाच लागत नाही. मी मात्र त्या वेळी एवढाच विचार केला की चला, गैरसमज दूर झाला.

गैरसमज दूर झाला आणि बाबा जवळ आले. त्यांनी एक केळं उचलून दाबून पाहिलं.

“कशी दिली?”

“विकायची नाहीत बाबा.”

“मग मांडल्यात कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

“पावडरीवर पिकवल्यात.”

“नाही हो, मार्केट यार्डातून आणलीत.”

“तिथंच पिकवत्यात.” त्यांनी केळं परत ठेवलं, पण घडाची बाजू बदलून, चांगली बाजू रस्त्याकडे येईल अशी. “तीस रुपये देतो.”

मी सांगितलं की ही केळी सायकल चालवणाऱ्यांसाठी आहेत, त्यांना फुकट द्यायची आहेत. फुकट हा शब्द मी वापरायला नको होता. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, वकील उलटतपासणीआधी राहतात तसे.

“त्येंला फुकट?”

“हो.”

“मोटारीतनं येत्यात का काय?”

“नाही. सायकलवरून.”

“मोटार न्हाय त्येंच्याकडं?”

“आहेत. घरी आहेत.”

“मोटार घरात ठिवून सायकलीवर येत्यात, आन् वर तुमी त्येंला केळी देताय. आन् मला म्हणताय न्हाय.” ते क्षणभर थांबले. “माझी एकादशी हाय.”

एकादशी निघाल्यावर आमची बाजू लंगडी पडली. ज्यांच्यासाठी मी केळी राखत होतो ते चाळीस जण रात्री नीट जेवून झोपलेले होते, पहाटे ओट्स खाऊन निघालेले होते आणि तासाभरात मिसळीवर बसणार होते. समोर उपाशी माणूस उभा होता. सायकलवाल्यांना दर तासाला अमुक इतकं कर्बोदक पोटात जावं लागतं, हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

एवढ्यात त्यांनी माझ्या छातीवरची अक्षरं वाचायला घेतली. “स्व-यं-से-वक. म्हंजी?”

“म्हणजे पैसे न घेता, स्वतःहून काम करणारा.”

“म्हंजी आपनच आपला गडी.”

“तसंच काहीसं.”

“पगार?”

“नाही. उलट आम्हीच वर्गणी देतो.”

“किती?”

मी खरं सांगितलं. आयुष्यात मी सायकलीची किंमत कधी खरी सांगितली नाही, वर्गणीची मात्र सांगून बसलो. बाबांनी हजार हा आकडा दोनदा स्वतःशी म्हटला. मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर माझी सासू साखरपुड्यापासून राखून आहे.

“आन् ही कितीची?” काठी माझ्या सायकलीकडे वळली.

“आठ हजार,” मी म्हणालो. तिच्या किमतीतलं एक शून्य मी घरीही काढून टाकलेलं आहे, आणि खोटं दोन्हीकडे सारखंच असलेलं बरं. (माझ्या माहितीत एकाही सायकलवाल्याच्या बायकोला खरी किंमत माहीत नाही. आमच्या ग्रुपची एकी टिकून आहे ती याच एका गोष्टीवर.)

“आठ हजारात चेनकव्हर बी दिलं न्हाय?” बाबा सायकलीभोवती फिरू लागले, बाजारात बैल पाहावा तसे. “घंटी न्हाय. मडगाड न्हाय. ष्टँड न्हाय, म्हनून झाडाला टेकवलीया. कॅरेज न्हाय. बायकू कुठं बसती?”

“ती येत नाही.”

“बसायलाच न्हाय तर येती कशी!” मग अगदी आवाज खाली आणून म्हणाले, “फसवलं तुमाला.”

त्यांच्या सायकलीला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या असायच्या, मागे गवारीचं पोतं, पुढच्या दांडीवर थोरला मुलगा. “आन् असली उशीची चड्डी नव्हती आमाला,” असंही त्यांनी नमूद केलं. पॅडेड शॉर्ट्सचं मराठीत इतकं अचूक भाषांतर मी ऐकलेलं नव्हतं. माझे वडीलही पुण्यात सायकलनेच कामाला जायचे. सायकलीचा बिल्ला काढायला लागायचा, रात्री दिवा नसला तर पोलीस धरायचा. त्या पुण्याला लोक सायकलींचं शहर म्हणत, पण तेव्हा सायकल चालवणारा माणूस स्वतःला सायकलिस्ट म्हणवत नव्हता. तो नुसता कामाला चाललेला असे. आता त्याच शहरात सायकल ट्रॅकवर मोटारी लावलेल्या असतात, भजीची गाडी असते, वळणावर डीपी उभी असते, आणि सायकल चालवायची तर मोटारीच्या टपावर सायकल बांधून गावाबाहेर जावं लागतं. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं. ते केळी मोजत होते.

मी हरलो आणि सहा केळी त्यांच्या हातात दिली. “घ्या बाबा. पैसे नकोत.”

“आरं वा! म्या फुकाट खायाची, आन् एकादशीचं पुन्य तुमाला?” त्यांनी कोपरीच्या खिशातून वीसची नोट काढून जारावर ठेवली आणि उडू नये म्हणून वर चिक्कीची पिशवी ठेवली. झालं. जारावर नोट, दगडावर केळी, मध्ये पोपटी जाकीट. यापुढे मी मार्शल असल्याचा कुठलाही पुरावा उरला नव्हता.

मग वडापची जीप थांबली. आतून एका मावशींनी विचारलं, “केळी कशी?” मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “चाळीस. घ्या, वंगाळ न्हाईत.” दोन मावशींनी एकेक डझन घेतली. साठच्या भावाने आणलेली केळी माझ्या डोळ्यांदेखत चाळीसला गेली, आणि त्यातल्या एकीने वर ‘येक जास्तीचं टाका की’ म्हणून आणखी एक मागितलं. तिथे मात्र मी ठाम राहिलो. पुढे एक दुचाकीवाला थांबला, त्याला पपई हवी होती. नाही म्हटल्यावर तो माझ्यावर वैतागून गेला.

साडेसात ही यायची वेळ असलेले आमचे सायकलवाले साडेआठला दिसू लागले, कारण माथ्यावर फोटो काढायचे होते. पहिले आले ते कायम पहिले येणारे. यांच्या तोंडी सतत ब्रेव्हे असतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, आणि एकदा तरी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, म्हणजे बाराशे किलोमीटर नव्वद तासांत. तिथपर्यंत जाणाऱ्या माणसाला भिवरीला किती भूक लागते हे मी पाहिलं. प्रत्येकाने तीन-तीन केळी घेतली. एकाने दोन खाल्ली आणि एक पाठीच्या खिशात घातलं. सालं रस्त्यावर टाकली. अगदी सहज, उतारावर घंटी वाजवावी इतक्या सहज. (घंटी नाहीच म्हणा.)

“डस्टबिन नाही ठेवला?” त्यातल्या एकाने मला विचारलं.

मला राग आला. अजून आहे. दर रविवारी आपण ज्या गावांतून ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणून जातो, तिथे लोकांची घरं आहेत, त्यांच्या दारासमोर आपण एनर्जी जेलची पाकिटं फेकतो आणि वर स्टेटसला सूर्योदय टाकतो. आजवर कुणी माझ्याकडून केळं घेताना माझ्या तोंडाकडे पाहिलेलं नाही; पाहतात ते घड्याळाकडे, सरासरी वेग पडला का ते. बाबांनी निदान जाकीट वाचलं होतं.

शेवटी आले ते नवीन पाच जण, चेन उतरलेली, घसा कोरडा, एकीचा पहिलाच घाट. त्यांना केळं उरलं नव्हतं. मी अर्धी चिक्की आणि बाबांकडून उसनी मागितलेली दोन केळी दिली. बाबा ती देताना म्हणाले, “पैशे नकोत. ही दमलीया.” मग काठीने रस्त्यावरची सालं एकेक करून गटारीकडे ढकलू लागले. मी खाली वाकून ती पिशवीत भरू लागलो. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दुपारी ग्रुपवर आलं : ‘आजची राईड सुपर्ब! फक्त केळीचं मॅनेजमेंट इम्प्रूव्ह व्हायला हवं.’ खाली बत्तीस अंगठे. मी शंभर रुपयांचा हिशोब टाकला. एकाने ते निधीत जमा करा म्हटलं, एकाने विक्रीचा परवाना नसताना घेतलेले पैसे निधीत कसे घ्यायचे असा मुद्दा काढला. हा गृहस्थ तीन केळीवाल्यांपैकी आहे. सगळ्यांच्या सायकलिंगच्या अ‍ॅपवर बासष्ट किलोमीटरची राईड लागली. मी घड्याळ निघतानाच गल्लीच्या तोंडाशी बंद करून पुन्हा चालू करायला विसरलो होतो, त्यामुळे माझ्या खात्यात चाळीस मीटर. मेहुण्याने त्यालाही शाबासकी दिली.

निघताना बाबांनी माझी सायकल झाडापासून उभी करून हातात दिली होती. “पुढल्या एकादशीला या,” ते म्हणाले होते. “सोमवार पडतूया. पन या. पपई बी आना.”

मी कॅलेंडर पाहिलं. सोमवारच आहे.